मासे ठणठणीत, मग कोरल का विरघळतायत?

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून:

"ताई, आमचा सिंधुदुर्गात किनाऱ्यावर छोटा होमस्टे आहे. हॉलमध्ये ३०० लिटरचा रीफ टँक (समुद्राच्या पाण्यात कोरल ठेवायची काचेची टाकी) आहे, त्यात सगळे सॉफ्ट कोरलच (दगडी सांगाडा नसलेले मऊ): झेनिया, टोडस्टूल लेदर, झोआ, मशरूम. क्लाउनफिशची जोडी पण आहे. दोन वर्षं मस्त चाललं, गेस्ट येऊन फोटो काढायचे. पाणी समुद्राचंच वापरतो, काका बोटीवरून कॅन भरून आणतात (आता बोट ओढून ठेवलीय म्हणून जेटीवरून भरतात). जूनच्या शेवटी झेनियाचं हात हलवणं बंद झालं आणि चार दिवसांत अख्खी वसाहत विरघळली. मग झोआ मिटले. लेदर बारा दिवस बंद आहे, त्याच्यावर एका बाजूला काळपट डाग आलाय. टर्बो स्नेल (गोगलगायी) काचेवरून गळून पडतायत. मासे मात्र ठणठणीत आहेत. हायड्रोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) १.०२४ दाखवतो, अमोनिया शून्य. आधी आठवड्याला ६० लिटर पाणी बदलायचो, ते दर चार दिवसांनी केलं. मेडिकलमधून आणून अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल पण टाकल्या. हा कुठला रोग आहे आणि औषध काय? बाबा रोज म्हणतात, दर्यातला दर्यात सोड आणि मोकळो हो. मला पण आता वाटतं उरलेलं सगळं समुद्रात सोडून द्यावं, निदान तिथे तरी जगेल. रोज सकाळी टँकसमोर जायला नको वाटतं."

---

अरे, सगळ्यात आधी, आज काही समुद्रात सोडू नकोस. त्याच्यावर खाली सविस्तर लिहिते, पण हे पत्र वाचून होईपर्यंत तू बादली घेऊन निघायला नकोस म्हणून वरच लिहून टाकलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. तू विचारतोयस कुठला रोग आणि औषध काय, म्हणजे रोग आहे हे तू धरूनच चालला आहेस. मला विचारशील तर रोग असेल असं वाटत नाही, आणि ते तुझ्याच पत्रात दिसतंय. बघ ना, झेनिया गेली, झोआ मिटले, लेदर बंद झाला, वर स्नेल पण पडायला लागले. झेनिया, झोआ आणि गोगलगाय यांचं एकमेकांशी नातं किती? झोआ तर खरं म्हणजे सॉफ्ट कोरल पण नाहीत, ते समुद्रफुलांच्या जवळचे, आपण सवयीने त्यांना सॉफ्टींत धरतो. एकच जंतू या सगळ्यांना एकाच महिन्यात गाठेल हे फार क्वचित. या सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट तुझ्या टँकमध्ये आहे, ती म्हणजे पाणी.

"पण मासे ठणठणीत आहेत." हे वाक्य मला महिन्याला दोन-तीन पत्रांत तरी दिसतं, आणि सगळे याच्यावरच फसतात. माशाला मूत्रपिंड आहे, कल्ले आहेत, पाण्यातलं मीठ खालीवर झालं तर तो आतून सांभाळून घेतो. क्लाउनला व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झाला की काही लोक वेगळ्या टँकमध्ये मुद्दाम मीठ हायड्रोमीटरवर १.००९ पर्यंत उतरवून उपचार करतात, आणि मासा त्यातून आरामात निघतो. कोरलला, गोगलगायीला ती सोयच नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट तेवढंच त्यांचं आतलं, बाहेर पातळ झालं की आत पातळ. त्यामुळे मासे मस्त म्हणजे पाणी मस्त असं नसतं, त्यातून फक्त अमोनिया वाढलेला नाही एवढंच कळतं.

तुझ्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलं आहेस. "आता बोट ओढून ठेवलीय म्हणून जेटीवरून भरतात." मी ते वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, काकांची यांत्रिक बोट वर ओढलेली, म्हणजे मे महिन्यापर्यंत जे पाणी तीन-चार किलोमीटर बाहेरून यायचं ते जून लागल्यापासून जेटीवरून, म्हणजे बहुतेक खाडीच्या तोंडावरून येतंय. आणि जून-जुलैत आपल्या खाड्यांच्या तोंडावर काय असतं ते तुला मी सांगायला नको, कर्ली घे, गड नदी घे, वाघोटण घे, घाटावर पडलेला सगळा पाऊस लाल होऊन तिथूनच तर जातो. वरून ते पाणी समुद्राचंच दिसतं, वास पण समुद्राचाच येतो, जिभेला पण खारट लागतं, पण कितपत खारट हे जिभेला कळत नाही रे.

जरा हिशोब करून बघू. समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ. समजा जेटीचं पाणी २४ भरलं, भर पावसात ओहोटीला याहून कमी पण भरेल. तू दर वेळी ३०० तले ६० लिटर बदललेस, म्हणजे पाचवा हिस्सा. पहिल्या बदलाला ३५ चं ३२.८ झालं, दुसऱ्याला ३१, चौथ्याला साडेअठ्ठावीस. मग झेनिया गेली म्हणून तू घाबरलास आणि दर चार दिवसांनी बदलायला लागलास, सहाव्या बदलाला सत्तावीसच्या खाली. म्हणजे जितका जीव तोडून वाचवायला गेलास तितकं पाणी पातळ होत गेलं. तुझं चुकलं असं म्हणत नाहीये मी, काही बिघडलं की पाणी बदला हे पुस्तकातलंच उत्तर आहे. फक्त बदलायचं पाणी चांगलं आहे हे त्यात धरलेलं असतं.

मग हायड्रोमीटर १.०२४, म्हणजे जवळपास समुद्राएवढं, कसा दाखवतो? तो काट्यावाला प्लास्टिकचा असणार, बरोबर? त्याच्या काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर तरंगतो आणि आकडा जास्त दाखवतो. काट्यावर मिठाचा थर बसला की उलट चुकतो. दोन वर्षं वापरलेला तो डबा आता काय दाखवतो ते देव जाणे. रिफ्रॅक्टोमीटर घे, काचेवर थेंब टाकून डोळा लावून मीठ वाचायचं ते यंत्र. आणि तो घेतलास तरी फक्त डिस्टिल्ड पाण्यावर शून्य करून सोडून देऊ नकोस, ३५ वर पण तपासायचा असतो. त्यासाठी तयार द्रावण मिळतं, नाहीतर घरी करता येतं: केकसाठी मैदा मोजायच्या वजनकाट्यावर ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, नीट विरघळवायचं, त्याचा थेंब काचेवर टाकला की बरोबर ३५ दिसायला पाहिजे. नाही दिसला तर स्क्रू फिरवून तिथे आणायचा. मग टँकचं पाणी बघ आणि मग जेटीचा कॅन बघ. माझा अंदाज चुकला असेल तर तिथेच कळेल, आणि चुकला असेल तर मला कळव, मी पुन्हा विचार करते.

इथे एक जण नक्की म्हणणार, कारण मलाही आधी असंच वाटायचं, की अहो आपल्या खडकांवर ओहोटीला बघा, झोआंच्या सतरंज्याच्या सतरंज्या पसरलेल्या असतात, त्यांच्यावर तर चार महिने पाऊस कोसळतो, ते कसे जगतात? जगतात, कारण त्यांच्या कितीतरी पिढ्या याच पावसात निवडल्या गेल्यात, आणि दिवसातून दोनदा भरती येऊन त्यांना धुऊन पण जाते. तुझ्या टँकमधले झोआ बहुतेक इंडोनेशियाच्या रीफवरून आलेल्यांचे वंशज, त्यांनी असा आषाढ बघितलेला नाही. मालवणच्या समुद्रात जे कोरल आहेत ते पण बघ, पोराइट्स, टर्बिनारियासारखे दणकट, गाळ आणि गोडं पाणी सोसणारे. लक्षद्वीपला जे दिसतं ते इथे का नाही याचं मोठं कारण हेच, आपल्या नद्या आणि आपला पावसाळा.

बरं, आता करायचं काय. मीठ वर न्यायचं पण हळू. उतरताना महिना लागला, चढताना पण निदान आठवडा लागू दे, दिवसाला १ पीपीटीच्या वर नको. दगड आणि वाळू धरता तुझ्या टँकमध्ये खरं पाणी अडीचशे लिटर असेल. रोज टँकमधलंच २० लिटर पाणी बादलीत काढ, त्यात २५० ग्रॅम मरीन सॉल्ट घाल, छोटा पंप सोड आणि पाणी काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत थांब, मग पावशेर-पावशेर करत सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ओत. मीठ कधीच थेट टँकमध्ये टाकायचं नाही, खडा कोरलवर पडला तर तिथे भाजतो. आठ दिवसांत दोन किलो जाईल. रोज आधी माप, मग टाक, माझ्या आकड्यावर जाऊ नकोस. आणि मरीन सॉल्टच हं, बाजारातलं खडेमीठ नाही. शिरोड्याच्या मिठागराचं मीठ आमटीत उत्तम, पण मिठागरात मीठ धरतं तेव्हा कॅल्शियम-मॅग्नेशियम बरंचसं मागे राहून जातं आणि तुला तर तेच पायजे.

दुसरी गोष्ट, रोजची भर. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी भराभर उडतं, तू रोज दोन-तीन लिटर गोडं पाणी टाकत असशील. पावसात हवेतच एवढं पाणी असतं की टँकमधलं उडतच नाही, पण हाताला सवय लागलेली असते, आपण टाकत राहतो. काचेवर मार्करने रेघ मार आणि रेघेखाली गेलं तरच टाक. आणि ते विहिरीचं नको. चिऱ्याच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड असेल पण त्यात लोह असतं, सिलिकेट असतं, मोटर-पाइपमधून कुठे तांबं येत असेल तर कोरलसाठी विषच. आरओ-डीआय (पाण्यात विरघळलेलं सगळं काढून टाकणारा फिल्टर) लावलंस तर बरं, टीडीएस मीटर (पाण्यात किती काय विरघळलंय ते मोजणारा) शून्य दाखवायला पाहिजे.

पाणी शुद्ध करायच्या कार्बनबद्दल पत्रात काही नाही, म्हणजे बदलून बरेच दिवस झाले असणार (चुकलं असेल तर माफ कर). लेदर कोरल दिसायला गरीब, पण शेजाऱ्यांशी त्याचं रासायनिक युद्ध चालू असतं. टर्पीन जातीची विषं पाण्यात सोडतो, जागा मिळवायला. समुद्रात ती वाहून जातात, तुझ्या ३०० लिटरमध्ये जायला जागा कुठे आहे. आणि लेदर आजारी पडला, कापला, सडायला लागला की अजून जास्त सोडतो. म्हणून सगळे सॉफ्टी असलेल्या टँकमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन हवाच, आणि तो दोन-तीन आठवड्यांनी बदलायचा. आज नवा टाक, तुझ्या त्या कॅप्सूलचं पण बरंचसं त्यातच जाईल.

कॅप्सूलबद्दल ओरडत नाही, कारण मी याहून मोठा गाढवपणा केलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी रत्नागिरीत माझा पहिला टँक होता, त्यातल्या टँग माशावर पांढरे ठिपके आले. दुकानदाराने एक निळी बाटली दिली, म्हणाला मॅडम डोळे मिटून टाका, रीफ सेफ आहे. मी टाकलं. रात्री अकराला लाइट बंद करायला गेले तर खालून टक् टक् आवाज, स्नेल एकेक करून काचेवरून सुटून दगडावर पडत होते. तेव्हा बाटलीमागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, कॉपर सल्फेट. दगडांनी ते तांबं शोषून घेतलं होतं, पुढे कित्येक महिने त्या टँकमध्ये एक कोळंबी जगली नाही. तेव्हापासून माझा नियम, मापल्याशिवाय बाटली उघडायची नाही. अँटिबायोटिकचं पण तसंच, अमोनिया खाणारे जे जिवाणू तुझा टँक चालवतात ते पण त्यात मरू शकतात, आणि ते पाणी तू शेवटी ओतणार कुठे, गटारात म्हणजे खाडीतच. अमोनिया आठवडाभर रोज तपास.

आता लेदर. बारा दिवस बंद म्हणजे मेला असं नाही. लेदर कात टाकतो. मधूनमधून तो पॉलिप (अंगावरची बारीक फुलं) आत घेतो, वर मेणचट पापुद्रा धरतो, दुधावरच्या सायीसारखा, आणि मग तो पापुद्रा फाटून वाहून जातो आणि आतून स्वच्छ नवा निघतो. दोन-तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालतं हे. बाजूच्या पंपाचा प्रवाह जरा त्याच्याकडे वळव म्हणजे साय लवकर निघेल. बोटाने सोलू नकोस. नवीन लोक इथेच घाबरून लेदर फेकून देतात.

पण तुझ्या लेदरला काळा डाग आहे, त्याला कात म्हणता येणार नाही. जवळून बघ. डागाच्या जागी मांस दाबलं तर घट्ट आहे की लोण्यासारखं जातंय? वास कसा येतोय? सडलेल्या लेदरचा वास एकदा घेतलास की विसरणार नाहीस, दोन दिवस पिशवीत राहिलेल्या जवळ्यासारखा. तसं असेल तर थांबायचं नाही, कापायचं. टँकच्या बाहेर, टँकचंच पाणी घेतलेल्या टबात, नवीन ब्लेडने, डागाच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत, चांगल्या मांसातून. सडका भाग पुरेपूर निघाला पाहिजे, थोडा ठेवून बघू असं नाही. मग दुसऱ्या भांड्यात आयोडीन डिप (औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं), बाटलीवर लिहिलेल्या मापाने, मग स्वच्छ टँकच्या पाण्यात खळबळून परत. टबातलं पाणी फेकून दे, ते विष आहे. हातमोजे घाल, गॉगल घाल. कापलेल्या चांगल्या तुकड्यांना सुपरग्लू धरत नाही, बुळबुळीत असतात, त्यापेक्षा छोट्या वाटीत दगडाचा चुरा घालून त्यावर तुकडा ठेव आणि वरून जाळीचा तुकडा रबराने बांध, आठ-दहा दिवसांत स्वतःच धरतो. छत्री अख्खी गेली तरी देठाला पुन्हा छत्री फुटते, मी पाहिलंय. पण मांस घट्ट असेल, वास नसेल तर घाई नको, आधी मीठ तीन-चार पीपीटी वर येऊ दे, डाग रोज वाढत असेल तरच लगेच काप.

झेनियाचं म्हणशील तर ती गेली, तिचं काही करता येणार नाही. उरलेला राखाडी चिकटा पाइपने खेचून काढ, सडू देऊ नकोस. झेनिया अशीच असते, वाढली की आवरत नाही आणि जायचं ठरवलं की चार दिवसांत जाते, कधीकधी सगळे आकडे बरोबर असताना पण, भले भले लोक त्याचं कारण सांगू शकत नाहीत. पण तुझ्या बाबतीत कारण समोर आहे, आणि सगळ्यात आधी तीच गेली याचं मला नवल वाटत नाही.

खरे रोग आणि खरे शत्रू असतात, नाही असं नाही, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. झोआवर मोहरीपेक्षा बारीक पांढरे-पिवळे फोड आले आणि ते मिटलेलेच राहिले तर त्याला हौशी लोक झोआ पॉक्स म्हणतात, त्यावर वेगळ्या भांड्यात डिप करतात. झोआ खाणाऱ्या न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) असतात, खाऊन खाऊन झोआच्याच रंगाच्या होतात, दिवसा सापडत नाहीत, रात्री टॉर्च लावून बघायचं आणि खालच्या बाजूला चिकटवलेली अंडी नखाने काढायची, डिपने अंडी मरत नाहीत. तपकिरी जेली दिसली तर ती पाइपने खेचून काढायची, फुंकून उडवायची नाही, जिथे पडेल तिथे पसरते. यातलं काहीही असलं तरी ते एका जातीपासून, एका कोपऱ्यातून सुरू होतं. सगळा टँक एकदम मिटला तर आधी मीटर काढायचा. मे महिन्यात सगळं पांढरं पडलं तर ते वेगळं, ते उष्णतेने. कोरल आपल्या मांसात राहणारं शेवाळ बाहेर टाकून देतात आणि उपाशी राहतात. टँकवरचा पंखा पाणी उडवून गार करतो, आणि आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तेव्हा पंख्यावर फार विसंबू नका.

झोआंबद्दल एक, आणि हे गमतीत घेऊ नकोस. काही झोआ आणि त्यांच्याच भाऊबंद पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, प्राण्यांत सापडणाऱ्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. हवाई बेटांवर हानाजवळच्या एका डबक्यातलं समुद्री 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावायचे अशी तिथली जुनी गोष्ट, ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ निघाला आणि १९७१ मध्ये त्यातून हे विष वेगळं काढलं. म्हणून मेलेल्या झोआचा दगड गरम पाण्यात उकळायचा नाही, ब्रशने कोरडा घासायचा नाही, वाफ आणि तुषार फुप्फुसात गेले तर घरातले सगळे हॉस्पिटलात. तुझ्याकडे तर गेस्टची मुलं पण असतात. हाताला चीर असेल तर हात घालू नकोस.

आता बाबांचं म्हणणं. दर्यातला दर्यात सोड. त्या वाक्यामागची माया कळते मला, आमच्याकडे पण हेच म्हणायचे. पण बाबांना सांग, हा आपल्या दर्यातला नाहीच. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर मोचिमा नॅशनल पार्कच्या भागात तुझ्या झेनियाच्याच घराण्यातला एक सॉफ्ट कोरल, युनोमिया, पसरलाय. तो मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला, कुणीतरी अॅक्वेरियममधून सोडला असं मानतात. तिथे त्याने खडकच्या खडक आणि समुद्री गवत झाकून टाकलं, खालचे कोरल गुदमरले, आणि तो तुकडे होऊन अजून पसरतो म्हणून काढायला गेलं की वाढतो. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जे काही थोडे कोरल आहेत ते गाळ सोसतात, ऊन सोसतात, त्यात हे नवीन नको. तुझा कोरल तिथे मरेल ही शक्यता जास्त, पण तो जगला तर काय, हा प्रश्न जास्त मोठा आहे. शिवाय दगडाच्या भोकातले किडे, गोगलगायी, शेवाळाचे तुकडे, त्यांचं काय. मेलेलं काही असेल तर ब्लीचच्या पाण्यात एक दिवस ठेव, पिशवीत बांध, कचऱ्यात टाक. टँकचं काढलेलं पाणी खाडीत नको, परसात पण नको, मिठाने माडाचं नाही बिघडणार लगेच पण सुपारी आणि केळ जळतील. संडासात ओत.

उलट दिशेचं पण बोलून घेते, तू विचारलं नाहीस तरी. किनाऱ्यावर सापडलेला दगड, पोवळ्याचा तुकडा उचलून टँकमध्ये ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दगडी कोरल आणि सी फॅन पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडा पण चालत नाही. तुझ्या टँकमध्ये असा काही असेल तर पुढच्या वेळी आणू नकोस, एवढंच म्हणते.

राहिला टँक बंद करायचा विचार. बंद करू शकतोस, त्यात लाज नाही. पण असल्या सकाळी ठरवू नकोस, टँकसमोर जायला नको वाटतं तेव्हा कुणीही बंदच करायचं म्हणेल. मला तीन वाटा दिसतात. एक, पूर्ण मरीन सॉल्टवर यायचं, महाग पडेल पण बारा महिने पाणी सारखं. दोन, समुद्राचंच पाणी पण मे महिन्यातच चार-पाच फूड ग्रेड ड्रम भरून अंधारात झाकून ठेवायचे आणि पावसाळाभर तेच काटकसरीने वापरायचं, कमी पडलं तर सॉल्ट. मी असते तर हे केलं असतं, कारण सॉफ्टींना पाणी फार बदलावं लागत नाही, किंचित मळकट पाण्यातच खूश असतात, नायट्रेट ५-१० असलं तरी हरकत नाही. तीन, कोरल कुणा चांगल्या हौशी माणसाला देऊन फक्त क्लाउनची जोडी ठेवायची. तिसरी वाट सगळ्यात सोपी आहे आणि होमस्टेच्या सीझनमध्ये तुला वेळ किती मिळतो हे तूच जाणे. काहीही कर, दोन महिने नवीन कोरल विकत घेऊ नकोस. रिकामी जागा डोळ्यांना टोचते आणि आपण ती भरायला जातो, आणि नवीन आलेला पण त्याच पाण्यात पडतो.

आणि वीज. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर भागात किती दिवस अंधार होता आठवतंय ना. कोरलला दोन-तीन दिवस उजेड नसला तरी चालतो, पाणी हललं नाही तर रात्रभरात प्राणवायू संपतो. सेलवर चालणारा एअर पंप शंभरदा उपयोगी पडतो, एक घेऊन ठेव.

काकांना दोष देऊ नकोस, बिचाऱ्यांनी पावसात भिजत कॅन वाहिलेत. ३१ जुलैला बंदी उठली आणि बोट बाहेर पडली तरी लगेच त्यांच्याकडे पाणी मागू नकोस, ऑगस्टमध्ये नद्या तशाच लाल असतात. गणपती जाऊ देत, पाऊस ओसरू दे, समुद्र निळा दिसायला लागला की मग सांग, आणि पहिला कॅन आला की अंगणातच झाकण उघडून दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून बघ. ३३ च्या खाली असेल तर तो घरात आणूच नकोस.